वीस किलोचा सेट आणि तीनच वजनं: घरच्या डंबेल-निवडीचं एक प्रकरण

मुंबईच्या उपनगरांत असं घर कुठेही सापडेल, म्हणून प्रातिनिधिक प्रकरण याच घराचं घेतलं आहे. डोंबिवली, चौथा मजला, दोन बेडरूम. मुलगी होस्टेलला गेल्यामुळे तिची १० बाय ११ फुटांची खोली रिकामी झाली आणि तिथं व्यायाम करायचं ठरलं. खोलीत भिंतीला लागून दिवाण, दुसऱ्या भिंतीला कपाट, मधे सुमारे साडेसहा बाय पाच फुटांची मोकळी फरशी. वर पंखा.

माणसं तीन. नवरा ४६ वर्षांचा, वजन ७६ किलो, शुगर काठावर आलेली. डॉक्टरांनी चालण्याच्या जोडीला स्नायूंचा व्यायाम सांगितलेला. बायको ४३ वर्षांची, ५८ किलो. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघे कुरकुरतात पण खुर्चीतून आधाराशिवाय उठता येतं. तिघांनाही व्यायामाची गरज सारखीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगितला आहे आणि पासष्टीपुढच्यांसाठी तोल व ताकद यांचा एकत्र सराव आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस.

या घरानं पहिली खरेदी केली ती हजारो घरं करतात तशीच: काळ्या पीव्हीसीचा ‘२० किलोचा कॉम्बो’. दोन किलोच्या चार प्लेटा, तीन किलोच्या चार प्लेटा, दोन रॉड, चार नट, वर हातमोजे फुकट. चार महिन्यांत तो सेट दिवाणाखाली गेला. नवऱ्याचा उजवा खांदा दुखायला लागला, बायकोला ‘यात काही होत नाही’ असं वाटायला लागलं आणि एका तीन किलोच्या प्लेटेच्या शिवणीतून सिमेंटची भुकटी गळायला लागली. दोघांनी निष्कर्ष काढला की घरी व्यायाम जमत नाही. तो निष्कर्ष चुकीचा होता. चूक खरेदीत होती आणि ती आकड्यांनी दाखवता येते.

पहिल्या सेटचं काय चुकलं

सेटवर ‘२० किलो’ लिहिलेलं असतं ते प्लेटांचं एकूण वजन. त्या आकड्याचा व्यायामाशी फारसा संबंध नाही. खरा प्रश्न असा की दोन्ही हातांत सारखं वजन घेऊन या सेटमधून किती वेगवेगळी वजनं तयार होतात?

त्या सेटमधला रॉड पोकळ नळीचा होता, नटांसकट जेमतेम एक किलो. डंबेलच्या दोन्ही टोकांना सारखी प्लेट लागते. म्हणजे दोन किलोच्या प्लेटा लावल्या की १ अधिक ४, असे ५ किलो. तीनच्या लावल्या की ७. दोन्ही लावल्या की ११. झालं. वीस किलोच्या सेटमधून हातात येतात ती तीनच वजनं: ५, ७ आणि ११. चारही दोन-किलोच्या प्लेटा एकाच रॉडला चढवल्या तर ९ होतात, पण मग दुसऱ्या हातासाठी काही उरत नाही.

आता पायऱ्या बघा. ५ वरून ७ म्हणजे ४० टक्के वाढ. ७ वरून ११ म्हणजे ५७ टक्के. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिननं २००९च्या भूमिकापत्रात सांगितलेली पायरी २ ते १० टक्क्यांची आहे, तीही ठरलेल्या रेप्सपेक्षा (एका दमात केलेल्या आवृत्त्यांपेक्षा) एक-दोन जास्त जमायला लागल्यावर. दोन्ही आकड्यांमधल्या या अंतरातच खांदा दुखला. नवरा ७ किलोनं शोल्डर प्रेसच्या (खांद्यापासून वजन डोक्यावर ढकलायच्या व्यायामाच्या) १२ रेप्स आरामात करत होता, म्हणून ११ वर गेला. ११ किलो खांद्यानं जात नव्हतं, तेव्हा शरीरानं पळवाट काढली: कंबर मागे वाकवायची, गुडघ्यांतून हिसका द्यायचा, कोपर शरीराच्या मागे नेऊन वजन ढकलायचं. तीन आठवड्यांत खांदा बोलायला लागला. बायकोचं उलट झालं. तिला प्रेससाठी ७ जड होतं, म्हणून ती ५ वरच राहिली आणि रोच्या (वाकून वजन कमरेकडे ओढायच्या) व्यायामालाही तेच ५ वापरत राहिली. पाठीला ते वजन जाणवतसुद्धा नव्हतं.

आणखी प्लेटा विकत घेऊन हा सेट सुधारता आला असता का? नाही, कारण जागाच नव्हती. रॉड ३५ सेंटिमीटरचा. मुठीसाठी साधारण १३ सेंटिमीटर सोडले तर प्रत्येक बाजूला ११ उरतात. त्यातले सुमारे तीन नट आणि त्याच्या बाहेर राहायला हवेत त्या आट्यांसाठी. प्लेटांना उरले ८ सेंटिमीटर. कास्ट आयर्नची, म्हणजे बिडाची, घनता पाण्याच्या सात पट, सिमेंटच्या भरावाची सव्वादोन पट. त्यामुळे २० सेंटिमीटर व्यासाची तीन किलोची सिमेंट-भरली प्लेट जवळजवळ साडेचार सेंटिमीटर जाड होते, दोन किलोची तीनच्या आसपास. दोन्ही मिळून सव्वासात. रॉड तिथंच भरला. तेवढ्याच जागेत बिडाच्या प्लेटा याच्या जवळजवळ दुप्पट वजन देतात.

नट सैल होण्याचं कारणही याच सेटमध्ये होतं. रॉड २५ मिलिमीटरचा आणि प्लेटेचं भोक ३० मिलिमीटरचं. पाच मिलिमीटरच्या ढिलाईमुळे प्रत्येक रेपला प्लेट खडखडते, नटावर आपटते आणि नट हळूहळू उलटा फिरतो. कर्ल (कोपरातून हात वाकवून वजन वर आणणं) करताना मनगट फिरतं, त्या फिरण्यानं एका बाजूचा नट आवळला जातो आणि दुसऱ्या बाजूचा सुटतो. चांगल्या नटाच्या आत रबराची वॉशर असते, ती प्लेटेवर दाबून बसते आणि फिरणं रोखते. या सेटच्या चारपैकी दोन नटांत वॉशर नव्हतीच. एका सकाळी प्लेट सुटून फरशीवर पडली. पायावर पडली नाही, पण खालच्या मजल्यावरच्या बाई दार वाजवत आल्या. “वहिनी, वर काय पडलं? आमच्या सासऱ्यांची झोपमोड झाली हो.” पीव्हीसीचं कवच वापरून वापरून शिवणीवर उकलतं ते अशाच आपटण्यानं; आतलं सिमेंट भेगाळतं आणि भुकटी बाहेर यायला लागते. तोपर्यंत प्लेटेचं वजनही लिहिल्याइतकं राहिलेलं नसतं.

दुसऱ्या खरेदीआधीचं मोजमाप

दुकानात जाण्याआधी एक आठवडा काढावा आणि कुणाला कोणत्या व्यायामाला किती वजन लागतं ते घरीच मोजावं. त्यासाठी डंबेल लागत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून लिटरच्या बाटल्या आणि मजबूत पट्ट्याची कापडी पिशवी पुरते. खांद्याच्या व्यायामांना बाटली हातात धरावी, रो आणि स्क्वॉटला पिशवी. ज्या वजनानं दहा रेप्स नीट होतात आणि अजून दोन जेमतेम होतील असं वाटतं, ते आजचं कामाचं वजन. दहा व्हायच्या आधी मान ताठ झाली, श्वास कोंडला किंवा कंबर हलली तर ते वजन जास्त.

या घराचे आकडे असे निघाले. हात बाजूला उचलायच्या लॅटरल रेजला बायकोला २ किलो, नवऱ्याला ४. शोल्डर प्रेसला तिला ४ ते साडेचार, त्याला ८. एका हाताच्या रोला तिला ८, त्याला १४. छातीशी वजन धरून केलेल्या स्क्वॉटला तिला १०, त्याला १६. पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकायच्या रोमानियन डेडलिफ्टला तिला दोन्ही हातांत ८-८, त्याला १५-१५. सासूबाईंना खुर्चीतून उठणं-बसणं बिनवजनाचं दहा वेळा, आणि हातांसाठी १ ते २ किलो.

या आकड्यांत एकाच माणसाला २ पासून ८-१० किलोपर्यंत आणि दुसऱ्याला ४ पासून १६ पर्यंत वजन लागतंय. ‘मला किती किलोचं डंबेल घ्यावं?’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं ते यामुळे. लॅटरल रेजमध्ये वजन खांद्यापासून सुमारे ६० सेंटिमीटर लांब असतं. तिथले ३ किलो खांद्याच्या सांध्यावर जेवढा पीळ देतात, तेवढा कर्लमध्ये कोपराला द्यायला जवळजवळ दुप्पट वजन लागतं, कारण कोपरापासून तळहात तीस-बत्तीस सेंटिमीटरवरच आहे. रोमध्ये तर पाठीचे मोठे स्नायू आणि दंड मिळून काम करतात. एका जोडीवर सगळं भागवायचं म्हटलं की खांदा दुखावतो किंवा पाठ उपाशी राहते, आणि या घरात दोन्ही झालं होतं.

खरेदीसाठी मग तीन आकडे लागले. सर्वात कमी वजन: २ किलो. आज लागणारं सर्वात जास्त: हाताला १६, आणि वर्षभराची वाढ धरून २०. तिसरा, आणि आमच्या मते सर्वात महत्त्वाचा: १० किलोच्या खाली पायरी दीड किलोपेक्षा मोठी नको.

पर्याय आणि नकार

तयार रबर-हेक्स डंबेलांच्या जोड्या हा सगळ्यात सुटसुटीत पर्याय. फिरवायचं काही नाही, सुटायचं काही नाही, षटकोनी डोकं असल्यामुळे घरंगळत नाहीत. पण अडीच ते २० पर्यंत अडीचच्या पायरीनं घेतल्या तरी आठ जोड्या होतात, वजन पावणेदोनशे किलोंच्या घरात जातं, आणि तरीही ५ वरून साडेसातची उडी ५० टक्क्यांची राहतेच. यांचं बजेट १५ हजारांचं आणि जागा दिवाणाच्या पायथ्याशी. सगळा संच शक्य नव्हता. एक जोडी मात्र शक्य होती, आणि ती का घेतली ते पुढे येतं.

चकती फिरवून वजन बदलायचे डंबेल या घराला सोयीचे वाटले असते, कारण दोघं एकाच वेळी व्यायाम करतात. एका डंबेलात २ ते २४ किलोपर्यंत पंधरा वजनं मिळतात. नकाराची कारणं दोन. किंमत बजेटबाहेर, आणि आतली यंत्रणा आपटणं सोसत नाही. प्लेट पकडणारी जीभ झिजली किंवा अर्धवट अडकली तर उचलताना प्लेट सुटते. २०२५च्या जूनमध्ये अमेरिकेत बोफ्लेक्सच्या ५५२ आणि १०९० या मॉडेलांचे सुमारे ३८ लाख डंबेल याच कारणानं परत बोलावले गेले. ज्यांच्याकडे असे डंबेल आहेत त्यांनी चकती फिरवल्यावर डंबेल दोन सेंटिमीटर उचलून हलकेच हलवावं आणि सगळ्या प्लेटा धरल्या आहेत हे बघून मगच वर घ्यावं.

लांब बारबेलचा मोह नवऱ्याला होता. पाच फुटी रॉड, दोन्ही बाजूंनी प्लेट चढवायला प्रत्येकी दोन फूट, म्हणजे नऊ फूट लागले. खोली दहा फुटांची, त्यात कपाट. शिवाय बार टेकवायचा रॅक नसताना छातीवर बार घेऊन एकट्यानं बेंच प्रेस करायचा म्हणजे अडकलं तर सुटका नाही. डंबेल अडकलं तर बाजूला उतरवता येतं. बारबेल नको.

मुद्गलाचाही विचार झाला, कारण सासूबाईंच्या माहेरच्या माळ्यावर एक जोडी पडून होती. मुद्गल हे उत्तम साधन आहे आणि महाराष्ट्रातल्या तालमींनी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं आहे. पण त्याचं काम वेगळं. डंबेलचं वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना तोललेलं असतं. मुद्गलाचं वजन मुठीपासून हातभर दूर. पाच किलोच्या मुद्गलाचा गुरुत्वमध्य मुठीपासून ४० सेंटिमीटरवर असेल तर मनगटावर आणि खांद्यावर पडणारा पीळ हा नुसत्या ‘पाच किलो’त मोजता येत नाही. दुखऱ्या खांद्याच्या माणसानं शिकवणाऱ्याशिवाय त्यावर हात घालू नये. दुसरं कारण साधं: पंखा.

पंख्याचं गणितही केलं. फरशीपासून स्लॅब २.७५ मीटर, पाती स्लॅबखाली सुमारे ३५ सेंटिमीटर, म्हणजे २.४० मीटरवर. नवऱ्याची उंची १७२ सेंटिमीटर; हात वर केल्यावर मूठ २.१० वर. त्यात मॅटचे २ सेंटिमीटर आणि प्लेटेची त्रिज्या १०. एकूण २.२२. डंबेलसाठी १८ सेंटिमीटर मोकळे राहतात. मुद्गल फिरवायला अर्थातच नाही. तरीही मॅट पंख्याच्या बरोबर खाली न टाकता खिडकीकडे सरकवली.

काय घेतलं

२८ मिलिमीटरचे, भरीव पोलादाचे, ३५ सेंटिमीटरचे दोन रॉड. स्टार नट, आत रबरी वॉशर असलेले. भरीव आहे की पोकळ, हे तोलून कळतं: या मापाचा भरीव रॉड पावणेदोन किलोंच्या जवळ भरतो, नळीचा त्याच्या निम्माही नाही. नटांसकट एक रॉड बरोबर २ किलो झाला. बिडाच्या प्लेटा: ५ किलोच्या चार, अडीचच्या चार, सव्वाच्या चार आणि अर्ध्या किलोच्या चार. एकूण ३७ किलो.

आता या संचातून काय तयार होतं ते बघा. नुसता रॉड २. सव्वाची जोडी लावली की साडेचार. अडीचची लावली की ७. दोन्ही लावल्या की साडेनऊ. पाचची लावली की १२, मग साडेचौदा, १७ आणि साडेएकोणीस. प्रत्येक प्लेट आधीच्या प्लेटेच्या दुप्पट असल्यामुळे अडीच-अडीचची सलग पायरी मिळते, मधे खड्डा पडत नाही. त्यात अर्ध्या किलोची जोडी घातली की प्रत्येक वजनाला एक किलोनं मोठा भाऊ मिळतो: ३, साडेपाच, ८, साडेदहा, १३, साडेपंधरा, १८ आणि साडेवीस. दोन्ही हातांत सारखी अशी १६ वजनं. आधीच्या सेटच्या पावणेदोन-दोन पट लोखंडात पाच पट वजनं मिळाली.

पाचची प्लेट साधारण सव्वादोन सेंटिमीटर, अडीचची पावणेदोन, सव्वाची दीड आणि अर्ध्याची एक. बेरीज साडेसहा, आठच्या आत. रॉडवर चढवताना सर्वात मोठी प्लेट मुठीला लागून आणि लहान बाहेर. बदलायच्या असतात त्या बहुतेक वेळा लहानच.

अर्ध्या किलोच्या प्लेटा बऱ्याच दुकानांत ठेवत नाहीत आणि ‘त्यानं काय होणार’ असं ऐकवतात. त्या सोडू नयेत. बायकोचा प्रेस ४.५ वरून थेट ७ वर गेला असता तर पायरी ५६ टक्क्यांची. अर्ध्याच्या प्लेटांमुळे ती ५.५ वर जाते, २२ टक्के. तेही जास्त वाटलं म्हणून मनगटाला बांधायच्या अर्ध्या किलोच्या पट्ट्यांची एक जोडी घेतली. ४.५ अधिक पट्टी म्हणजे ५, पायरी ११ टक्के. पट्ट्या स्वस्त असतात आणि सासूबाईंनाही चालतात.

याशिवाय ५ किलोच्या रबर-हेक्सची एक जोडी. कारण वेळेचं. दोघं पाळीपाळीनं व्यायाम करतात आणि दोन डंबेलांचे चार नट सोडून-आवळून प्लेटा बदलायला सव्वा ते दीड मिनिट जातं. नवरा रॉडवर साडेचौदा लावून रो करतो तेव्हा बायकोला प्रेससाठी तयार जोडी हातात असते, आणि त्याला लॅटरल रेजला तीच पुढे उपयोगी पडते. हेक्स घेताना एक डोकं दोन पावलांमध्ये धरून दुसरं पिळून बघावं. किंचितही ‘टक’ झालं तर दांडा डोक्यात सैल बसला आहे. ती जोडी परत.

मुठीची जाडीही हातात धरून बघितली. स्पर्धेच्या वेटलिफ्टिंगमध्ये पुरुषांचा बार २८ मिलिमीटरचा आणि महिलांचा २५ मिलिमीटरचा असतो, एवढा तीन मिलिमीटरचा फरक तिथंही मानला जातो. फोम किंवा जाड रबर चढवलेल्या मुठी ३५ पर्यंत जातात. लहान हाताची पकड पाठीच्या आधी दमते आणि रो अर्धवट सुटतो. या घरात २८ मिलिमीटरचा, बारीक खाचांचा रॉड दोघांनाही जमला. तेलकट किंवा घामट हाताला गुळगुळीत क्रोम घेऊ नये.

तोलून घेणं

‘५’ कोरलेली ओतीव प्लेट बरोबर पाच किलोची असेलच असं नाही. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हाताचा काटा घेऊन प्रत्येक प्लेट टांगून तोलली. चार पाच-किलोच्या प्लेटा निघाल्या ४.८२, ४.९०, ५.१० आणि ५.२०. हातात येईल तशा लावल्या असत्या तर एका डंबेलात ९.७२ आणि दुसऱ्यात १०.३० होऊ शकले असते, म्हणजे दोन हातांत अर्ध्या किलोहून जास्त फरक. म्हणून ४.८२ सोबत ५.२० आणि ४.९० सोबत ५.१० लावली: १०.०२ आणि १०.००. मग एकाच डंबेलच्या दोन टोकांत थोडा फरक राहतो, तो चालतो. जड टोक दोन्ही हातांत अंगठ्याकडे ठेवायचं म्हणजे मनगटं एकसारखी राहतात. ऑइल पेंटच्या बारीक ब्रशनं प्रत्येक प्लेटेवर खरं वजन लिहिलं आणि जोडीला एकच रंगाचा ठिपका दिला.

दुकानात दोन सेटची तुलना करताना एकूण किमतीला किलोनं भागावं, पण रॉड-नट वेगळे काढून. ‘कॉम्बो’त हातमोजे, दोरी, पिशवी घालून किलोचा भाव लपवलेला असतो. बंद पडलेल्या जिमच्या जुन्या बिडाच्या प्लेटा मिळाल्या तर बिनदिक्कत घ्याव्यात; गंज वरवरचा असतो, बीड झिजत नाही. फक्त भोकाचा व्यास मोजावा. ऑलिम्पिक प्लेटेचं भोक ५० मिलिमीटरच्या बारसाठीचं असतं, ते २८च्या रॉडवर कुचकामी.

फरशी

खालच्या मजल्याचा प्रश्न दुसऱ्या खरेदीआधीच सोडवायला हवा होता, कारण लोखंड आता जास्त येणार होतं. स्लॅबला भाराची भीती नाही. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीची फरशी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराच्या भारासाठी धरलेली असते, आणि कपड्यांनी-भांड्यांनी भरलेलं लोखंडी कपाट या सगळ्या संचापेक्षा जड असतं. धोका आपटण्याचा. दहा किलो एक मीटरवरून पडलं आणि व्हिट्रिफाइड टाइलवर एका मिलिमीटरात थांबलं, तर सरासरी धक्का दहा टनांच्या वजनाइतका. तेच रबरात एक सेंटिमीटर दबून थांबलं तर एक टन. पहिल्यात टाइल तडकते आणि आवाज स्लॅबमधून खाली जातो.

म्हणून २० मिलिमीटरच्या, ५० बाय ५० सेंटिमीटरच्या रबराच्या बारा लाद्या: दोन मीटर बाय दीड. कोड्यासारख्या जुळणाऱ्या रंगीत फोमच्या मॅट इथं नकोत. त्यांवर हेक्सचा कायमचा खड्डा पडतो आणि पाय अस्थिर राहतो. खरं रबर वजनानं ओळखावं: या मापाची एक लादी साडेचार-पाच किलोंच्या आसपास भरते, दीड-दोन किलोची असेल तर तो फोम. नव्या रबराला टायरचा वास येतो, चार-पाच दिवस गॅलरीत सावलीत ठेवून मग आत आणाव्यात.

इथं एक चूक झालीच. दाराखालची फट आठ मिलिमीटर, मॅट वीसची. दार आत उघडत होतं आणि मॅटला अडकलं. लाद्या असल्यामुळे कोपऱ्यातली एक काढून टाकता आली. एकसंध मॅट असती तर कापावी लागली असती. दार उघडण्याचा घेर आधी खडूनं आखून घ्यावा.

वापर आणि देखभाल

पहिल्या महिन्यात नवऱ्यानं प्रेस ८ वरच ठेवला आणि रेप्स ८ पासून १२ पर्यंत नेल्या. तीनही सेटना (रेप्सच्या फेऱ्यांना) १२ झाल्यावर साडेनऊ. ही पायरी १९ टक्क्यांची, म्हणून रेप्स पुन्हा ८ वर आल्या आणि तिथून चढ सुरू. खांद्यासाठी प्रेस बसून, पाठ भिंतीला टेकून. कंबर वाकवायची पळवाटच बंद. छातीचा व्यायाम बेंचशिवाय, मॅटवर झोपून फ्लोअर प्रेस: कोपर जमिनीला टेकतं, खांदा गरजेपेक्षा मागे जात नाही.

सासूबाईंसाठी काहीच वेगळं घ्यावं लागलं नाही. नटांसकट रिकामा रॉड दोन किलोचा. खुर्चीतून उठताना तो दोन्ही हातांनी छातीशी आडवा धरतात. खुर्ची भिंतीला टेकलेली, चाकांची नाही, आणि सून शेजारी उभी.

नटांची शिस्त एकच. रेप्सच्या प्रत्येक सेटच्या आधी दोन्ही नटांना अर्धा पीळ आणि नटाबाहेर किमान तीन आटे दिसायला हवेत. सुरुवातीला नवरा घाईत विसरायचा, तेव्हा “नट बघितलेस का?” हा घरातला पालुपदासारखा प्रश्न झाला. वॉशर वर्षभरात कडक होते. सुटी मिळते, बदलावी.

कोकणपट्टीच्या पावसाळ्यात बीड आठवड्यात तांबूस होतं. घाम पुसून ठेवायचा, आट्यांना शिलाई मशिनचं तेल थेंबभर आणि जास्तीचं पुसून काढायचं, नाहीतर नट तेलावर घसरतो. गंज चढला तर तारेचा ब्रश, मग रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर ऑइल पेंट; भोकाच्या आतून मात्र रंग नको, प्लेट अडकते. प्लेटा उभ्या टेकवून ठेवू नयेत. भिंतीला लावलेली पाचची प्लेट घसरून अंगठ्यावर येते, हा घरच्या व्यायामातला अगदी नेहमीचा अपघात आहे. आडव्या, दोनच्या थरात, दिवाणाखाली.

आठव्या महिन्यात नवऱ्याची रोमानियन डेडलिफ्ट साडेवीसवर पोचली आणि संच संपला. पाय आणि पाठ नेहमी आधी पुढे जातात. पहिला उपाय फुकट: एका पायावर तीच डेडलिफ्ट, एक पाय दिवाणावर ठेवून स्क्वॉट, खाली जाताना तीन मोजत. त्यावर आणखी तीन महिने निघाले. त्यानंतरची खरेदी म्हणजे ५० सेंटिमीटरचे दोन रॉड आणि पाचच्या आणखी चार प्लेटा. लांब रॉड नटांसकट २.७ किलोचा होतो आणि हाताला ३१ पर्यंत वजन देतो. तो फक्त रो आणि डेडलिफ्टसाठी. प्रेसला घेतला तर टोकं डोक्याजवळ एकमेकांवर आदळतात. ऑर्डर देण्याआधी जुन्या प्लेटांची भोकं पुन्हा मोजली. बाकीची भरली ३० मिलिमीटर, आणि एका अडीचच्या प्लेटेचं, रंगाचा थर धरून, २८.५, ती आधी कानशीनं घासून घेतली.